पाळी गेल्यानंतरचा रक्तदाब आणि वीस मिनिटांचे शवासन



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी असे काहीतरी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. "पाळी गेल्यानंतर बायकांचा वाढणारा रक्तदाब," असे मी म्हणालो तेव्हा ते जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "भाऊ, आपल्या सभेला पुरुषमंडळीही बरीच असतात." मी म्हटले, "म्हणूनच."

मी डॉक्टर नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. पण गेली तीस वर्षे मी विडी कामगार बायकांत वावरतो आहे. पंचविशीत ज्या बायका माझ्याबरोबर मोर्च्यात पुढे चालत, त्या आज पंचावन्न-साठीच्या झाल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी अर्धांगाने अंथरुणाला खिळली आहे, कोणाचे मूत्रपिंड निकामी झाले आहे, तर कोणी एका दुपारी सूप मांडीवर असतानाच गेली. प्रत्येक वेळी घरचे लोक सांगत, "काही आजार नव्हता हो, धडधाकट होती." आजार होता. फक्त तो कोणी मोजला नव्हता.

रक्तदाब मोजण्याची विद्या तशी अलीकडची आहे. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त किती उंच चढते ते पाहिले आणि 1733 साली ते प्रसिद्ध केले. माणसावर असला प्रयोग करणे शक्य नव्हते. 1896 साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायचा फुगवता येणारा पट्टा काढला आणि 1905 साली कोरोत्कोव्ह या रशियन शस्त्रवैद्याने त्या पट्ट्याखाली नळी लावून आवाज ऐकायची रीत दाखवली. तीच रीत पुढे जगभर रूढ झाली. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा हा खालचा. दवाखान्यात निरनिराळ्या दिवशी मोजून वरचा 140 किंवा खालचा 90 अथवा त्याहून अधिक येत राहिला, तर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. एकदाच मोजून तो ठरवू नये.

आता बायकांचे काय? तरुणपणी पुरुषांत हा विकार अधिक आढळतो. साठीच्या आसपास स्त्रिया त्यांना गाठतात आणि पुढे मागेही टाकतात. ह्याचे कारण शरीरात आहे. स्त्रीच्या बीजकोशातून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात मिसळत असतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, त्याने वाहिनी सैल राहते. इस्ट्रोजेन ह्या कामी मदत करते. आपल्याकडे साधारण 46-47 च्या सुमारास पाळी जाते, युरोप-अमेरिकेपेक्षा तीनचार वर्षे आधीच. मग हा रस आटतो. वाहिन्या ताठर होऊ लागतात, पोटाभोवती चरबी धरते, पूर्वी पचून जाणारे मीठ आता दाब वाढवते. रात्री अंगातून वाफा निघून झोप मोडते, ती निराळीच. जिला बाळंतपणात रक्तदाब चढला होता, अंगावर सूज आली होती, तिला तर हा धोका जास्तच असतो. तेव्हा आपल्या आईला, बहिणीला एवढे जरूर विचारा की, "तुझ्या बाळंतपणात असे काही झाले होते का?" हे डॉक्टरलाही सांगितले पाहिजे, बहुतेक घरांत ते विसरले गेलेले असते.

आणि मनाचा भाग? तो आहेच, पण तो हवेत नाही, मज्जातंतूंत आहे. शरीरात दोन मुकादम आहेत असे समजा. एक ओरडतो, "उचला, पळा, संकट आले!" त्याच्या हाकेने हृदय जोराने चालते, वाहिन्या आकसतात. दुसरा म्हणतो, "बसा, जेवा, झोपा." पाळी गेल्यानंतर ह्या पहिल्या मुकादमाचा आवाज वाढतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. त्यात भर म्हणजे हे वय. मुलगी बाळंतपणाला आलेली, मुलाला नोकरी नाही, नवऱ्याची गिरणी बंद पडून वर्षे लोटलेली, सासू अंथरुणावर. शवासनाचा संबंध येतो तो येथे. ह्या पहिल्या मुकादमास काही वेळ गप्प बसवायचे, एवढेच त्याचे काम.

शवासन म्हटले की काहींना ते साधूंचे वाटते आणि काहींना आळशांचे. त्याची मोजदाद मात्र आपल्याच मुंबईत झालेली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांचे सहकारी यांनी 1969 साली उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांवर शवासनाचा काय परिणाम होतो ते तपासून 'अँजिऑलॉजी' या परदेशी मासिकात प्रसिद्ध केले. त्यांच्या सहकाऱ्यांत डॉ. विनेकर होते, ते लोणावळ्याच्या कैवल्यधामाशी संबंधित. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली ती संस्था काढली ती योगाला प्रयोगशाळेत बसवण्यासाठीच. दात्यांच्या रुग्णांत ज्यांना औषध चालू नव्हते त्यांचा दाब उतरला, आणि औषध घेऊन ज्यांचा दाब ताब्यात होता त्यांतील बऱ्याच जणांना पुढे कमी औषध पुरले. परंतु ज्यांची दुखणी जुनी व हट्टी होती त्यांच्यात सर्वांना गुण आला नाही, आणि हेही त्यांनी लपवले नाही. ह्या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

ह्याच सुमारास इंग्लंडात क्रॉयडन येथे चंद्रा पटेल नावाच्या भारतीय वंशाच्या डॉक्टरबाई साधा दवाखाना चालवीत. त्यांनी रुग्णांना आडवे पडून अंग सैल सोडायला शिकवले. शिवाय एक यंत्र जोडले. अंग सैल पडत गेले की यंत्राचा सूर खाली येई, म्हणजे आपले जमते आहे की नाही हे रुग्णाला आपल्याच कानांनी कळे. 1973 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी 20 रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांतील 5 जणांची औषधे पूर्णपणे बंद करता आली. लोक म्हणाले, "नुसते पडून राहिले तरी दाब उतरतोच की!" बाईंनी ते आव्हान घेतले. 1975 साली 34 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. एका गटास शिथिलीकरण शिकवले, दुसऱ्यास तितकाच वेळ नुसते पडायला सांगितले. नुसते पडणाऱ्यांचा दाब थोडा उतरला, शिकलेल्यांचा कितीतरी जास्त. पुढे दुसऱ्या गटालाही शिकवले, तेव्हा त्यांचाही उतरला. म्हणजे आडवे होणे निराळे आणि सैल सोडणे निराळे. आमच्या बायका रात्री आडव्या होतात, पण जबडा आवळलेला आणि मुठी मिटलेल्याच असतात.

मला युनियनवाला म्हणून विशेष वाटते ते ह्याच बाईंच्या पुढच्या कामाचे. एका मोठ्या उद्योगातील 35 ते 64 वयाच्या 192 स्त्रीपुरुष कर्मचाऱ्यांवर त्यांनी हा प्रयोग केला. एका तासाचे असे फक्त आठ वर्ग घेतले. चार वर्षांनी पुन्हा मोजले, तरी शिकलेल्यांचा दाब न शिकलेल्यांपेक्षा कमीच होता. हे 1985 साली प्रसिद्ध झाले. कामाच्या ठिकाणी, सहकाऱ्यांच्या सोबतीने शिकलेली गोष्ट टिकते, हे आम्हास सभासद-नोंदणीवरून ठाऊक होतेच.

आता दुसरी बाजू. ती न सांगता गेलो तर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. 2008 साली अशा प्रयोगांची एकत्र छाननी झाली. तीत वरचा आकडा सरासरी पाच-साडेपाचाने आणि खालचा साडेतीनाने उतरल्याचे दिसले. मात्र जेथे दुसऱ्या गटाला लुटुपुटूचा का होईना पण उपचार दिला होता, तेथे हा फरक आणखी लहान झाला. इतका की तो योगायोगही असू शकेल. बहुतेक प्रयोग लहान होते. त्यातून केवळ पाळी गेलेल्या स्त्रिया घेऊन केलेले तर थोडेच. तेव्हा ज्या बाईचा वरचा दाब 180 आहे, तिने शवासनावर विसंबणे म्हणजे पुराला सुपाने अडवणे आहे. पण जिचा 144-145 आहे, तिला पाच अंकांचे मोल आहे. आणि जिला गोळी चालू आहे, तिला ते गोळीच्या जोडीला आहे.

आमच्या कचेरीत हा वर्ग सुरू झाला तो एका डॉक्टरबाईंच्या आग्रहाने. दर गुरुवारी दुपारी चटया घालायच्या आणि पंधरा-वीस बायकांनी पडायचे. पहिल्या दिवशी निम्म्या बायका हसत होत्या आणि उरलेल्या पाच मिनिटांत घोरू लागल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "झोपू द्या, झोपेचे देणे आधी फिटू दे." मला मात्र आठवते ती एक मावशी. डोळे मिटलेले, श्वास संथ, पाय सैल. पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे सारखी फिरत होती. ती विडी वळत होती! हातात पान नाही, तंबाखू नाही, पण चाळीस वर्षांची सवय बोटांतून जाईना. "मावशी, हात थांबवा," म्हटले तर त्या म्हणाल्या, "थांबलाच आहे की, भाऊ."

त्यांच्या कामी आली ती अमेरिकेतल्या शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांची युक्ती. त्यांनी 1929 साली ह्या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, ताण म्हणजे स्नायूंचे आवळणे, आणि आपण आवळलेले आहोत हेच माणसाला कळत नाही. म्हणून आधी मुद्दाम आवळा, ते नीट अनुभवा आणि मग सोडा. मावशींनी मूठ गच्च आवळली, पाच-सहा सेकंद धरली आणि सोडली. तिसऱ्या खेपेस बोटे निपचित पडली. त्यांच्या तोंडावर जे आश्चर्य दिसले ते मी विसरलेलो नाही.

रीत साधी आहे. जमिनीवर सतरंजी घालून उताणे पडावे. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी द्यावी. मानेखाली पातळ उशी चालते. ज्यांना उताणे पडून धाप लागते, त्यांनी खुर्चीत पाठ टेकून बसावे, आणि ही धाप का लागते ते डॉक्टरास विचारावे. पायांची बोटे, पिंढऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ ह्या क्रमाने एकेक भाग आवळायचा आणि सोडायचा. जबडा विसरू नये. राग तेथेच साठतो. मग श्वास. पोट हलके वर येईल असा आत घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा. श्वास कोंडून धरू नये. रक्तदाब असणाऱ्याने कुंभकाच्या वाटेस जाऊ नये. हळूहळू मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले म्हणजे बस. 2001 साली इटलीत मोजून पाहिले, तेव्हा ख्रिस्ती जपमाळ ओढणारा आणि बौद्ध मंत्र म्हणणारा हे दोघेही नकळत मिनिटाला सहा श्वासांवर येत असल्याचे आढळले. धर्म कोणताही असो, श्वासाचे गणित एकच निघाले. मी स्वतः देवपूजा करीत नाही, पण ज्या बाईला नामस्मरणाने श्वास संथ करता येतो तिला मी घड्याळ का देऊ?

वीस मिनिटे झाली की एकदम उठू नये. कुशीवर वळावे, हात टेकून बसावे, क्षणभर थांबून मग उभे राहावे. गोळ्या चालू असलेल्या बाईस झटकन उठल्याने भोवळ येते आणि ह्या वयात पडून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे रक्तदाबापेक्षा मोठे संकट.

हे सारे सोपे वाटले असेल. अवघड आहे ती वीस मिनिटे. विडीची मजुरी हजारी मिळते. वर्गातल्या एका बाईने मला सरळ हिशेब घातला, "भाऊ, एवढ्या वेळात माझ्या तीसेक विड्या होतात. त्या कोण देणार?" आणि विडीचे काम नसलेल्या घरांतही निराळे काय आहे? दहा-बाय-बाराच्या खोलीत दूरदर्शनसंच चालू, नातू खेळतो आहे, आणि घरातली पन्नाशीची बाई दिवसाउजेडी जमिनीवर डोळे मिटून पडली, तर पहिला प्रश्न येतो, "काय झाले? बरे नाही का?" आणि दुसरा, "मग चहा कोण टाकणार?" 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. ह्या सुटीचा लाभ सबंध देशाने घेतला. पण रविवारी घरी जास्त माणसे असतात, जास्त स्वयंपाक असतो. गृहिणीच्या वाट्याला तो रविवार अद्याप आलेला नाही. आमच्या वर्गात टिकल्या त्या बायका कोण, हे मी पाहिले. ज्यांच्या घरी कोणीतरी, नवऱ्याने म्हणा, सुनेने म्हणा, ठरलेल्या वेळी दार ओढून घेतले त्या. इच्छाशक्ती वगैरे शब्द मला येथे फारसे उपयोगी दिसले नाहीत. म्हणून मी ही मागणी म्हणूनच मांडतो. दररोज वीस मिनिटे, बंद दार, आणि ह्या वेळात कोणीही हाक मारायची नाही.

मात्र एका गोष्टीचा इशारा देतो. एका कारखान्यात आम्ही पंखे, बसायला पाठीची बाके आणि दुपारची अर्धा तास सुटी मागितली. व्यवस्थापनाने पत्राने कळवले की, कामगार भगिनींसाठी 'तणावमुक्ती शिबिर' घेण्यात येईल. शिबिर झाले, बिस्किटेही मिळाली. पंखे आले नाहीत. शवासन हे घामाला आणि जादा कामाला उत्तर नाही. ज्याने ताण दिला त्यानेच तो विसरण्याचा वर्ग भरवावा, ह्यात मला विनोद दिसतो, पण समाधान दिसत नाही.

आता गोळ्यांविषयी, कारण धोका येथेच आहे. आमच्या वर्गातल्या एका बाईचा दाब दोन महिन्यांत ताळ्यावर आला. तिला वाटले, बरे झाले. उरलेल्या गोळ्या तिने शेजारणीला दिल्या. म्हणजे एकीच्या बंद आणि दुसरीच्या विनाकारण सुरू! पुढच्या गुरुवारी मोजले तर वरचा आकडा 170 वर. डॉक्टरबाईंनी तिथेच बसवून पुन्हा गोळी सुरू केली, म्हणून निभावले. दाब ताळ्यावर असतो तो गोळीमुळे. गोळीची गरज संपली असा त्याचा अर्थ नव्हे. ती कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवील, तेही आठवडेच्या आठवडे मोजून. "एकदा सुरू केली की जन्मभर" ही भीती मी रोज ऐकतो. चष्मा लागला तर आपण तो जन्मभर वापरतोच की. आणि ह्या औषधांची परंपराही परकी नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली आपल्या सर्पगंधेचे रक्तदाबावरील गुण ब्रिटिश मासिकातून जगापुढे मांडले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाजवळ ह्या रोगावर धड औषध नव्हते. आज त्याहून सौम्य औषधे निघाली आहेत, ती सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. 2017 साली रक्तदाब-नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात आपले राज्य पहिल्या पाचांत होते.

दोन गोष्टी बायका सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. गुडघेदुखीवर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी दाब चढतो, आणि मशेरीनेही चढतो. मशेरी लावून शवासनास पडणे म्हणजे एका हाताने पेटवायचे आणि दुसऱ्याने विझवायचे. मिठाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगितले आहे, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात पापड, लोणचे, ठेचा सारे आले. ठेच्यावर मी अधिक बोलत नाही. घरी जाऊन मलाही जेवायचे आहे.

तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मात्र शवासन नाही, कांदा हुंगवणे नाही, भगत नाही; ताबडतोब मोठे रुग्णालय. अर्धांगावरचे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते.

माझे संपले. मागच्या खोलीत डॉक्टरबाई यंत्र घेऊन बसल्या आहेत. चाळिशीपुढच्या सर्व भगिनींनी मोजून घ्यावे, बंधूंनीही घ्यावे. मोजण्यापूर्वी लघवीस जाऊन यावे, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसावे, बाही दंडावरून वर सरकवावी. आकडे दोनदा घेतले जातील आणि कागदावर लिहून दिले जातील. तो कागद जपून ठेवा, पुढच्या महिन्यात तो लागेल. पलीकडे सतरंज्या घातल्या आहेत, तेथे आमच्या त्याच मावशी ज्यांना शिकायचे त्यांना शिकवतील. चहाची व्यवस्था चिटणीसांनी केली आहे. पण चहाने आकडा चढतो, म्हणून तो मोजून झाल्यावरच मिळेल.